चौदा सेकंद

रविवारी तिला सीडर फॉल्सच्या कॉलेजात सोडलं.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुडघ्याएवढा मका,
आणि गाडीत ती गप्प,
इस्त्रीचा पांढरा शर्ट मांडीवर आडवा धरून
तान्ह्या बाळासारखा.

तीनशे मुली, सात दिवस, एक लुटुपुटीचं राज्य.
गावं, पक्ष, प्रचार, न्यायाधीश,
सगळं सोळा-सतरा वर्षांचं.
गळ्यातल्या पाटीवर ठळक अक्षरांत ऋजुता,
तरी दारातच पहिली हाक आली : रुहूटा?
तिने दुरुस्त केलं. दोनदा.
तिसऱ्यांदा नाही.

मंगळवारी फोन.
आई, मी महापौरपदाला पडले.
किती मतांनी?
अकरा.
मी विचारलं, जेवलीस का?
अशा वेळी दुसरं काय विचारतात, मला ठाऊक नव्हतं.
आमच्याकडे निवडणूक हरलेलं कुणी नाही.
एक आत्या जिंकली होती, सरपंच झाली.
सही मोत्यासारखी तिची,
ती कुठे करायची तिथे बोट मात्र काकांचं.

बुधवारी आवाज बदललेला.
रस्ते खातं मिळालं होतं तिला,
कुणालाच नको असलेलं.
नॉ ए पॉ नावाची मुलगी सचिव,
तिचे आईवडील ब्रह्मदेशातून आलेले.
आणि ब्रिन, डुकरांच्या फार्मवर वाढलेली,
कलमं-पोटकलमं तोंडपाठ असलेली.

तिघींनी मिळून विधेयक लिहिलं
आमच्या मार्शलटाउनच्या सिग्नलवर,
वृद्धाश्रमासमोरच्या.
चालणाऱ्याला तिथे चौदा सेकंद मिळतात.
दोन वर्षं मोजतेय, म्हणाली, शाळेच्या बसमधून.
व्हर्लीनबाईंना वॉकर घेऊन सव्वीस लागतात.
बाराव्या सेकंदाला त्या बरोबर मधल्या पिवळ्या रेघेवर,
आणि ट्रकवाला हात चाकावर आपटत.

त्याच रस्त्याने मी नऊ वर्षं कामावर जाते.

शुक्रवारी चार वाजता मंजूर.
एकसष्ट विरुद्ध अडतीस.
कुणी तरी हरकत घेतली, गाड्या तुंबतील त्याचं काय?
नॉ ए पॉ उठली, म्हणाली,
माझी आजी दुकानात जात नाही,
कारण दुकान पलीकडे आहे.
एवढंच बोलून बसली.
मग राज्यपालांची सही :
वय सतरा, दातांना तारा.

शनिवारी दुपारी दोन वाजता राज्य विसर्जित.
झेंडा घडी घालून खोक्यात,
खुर्च्या एकीवर एक.
बावीस तास जगला कायदा.

येताना ती रडेल असं मला वाटलेलं.
ती चिप्स खात होती.
गावात शिरल्यावर म्हणाली, गाडी लाव, उतर.
हिरवा माणूस लागला, आम्ही निघालो.
ती इंग्रजीत मोजत होती, मी मराठीत,
आकडे अजून माझ्या तोंडी त्याच भाषेत येतात.
माझा उजवा गुडघा दुखरा.
चौदाला दोन पावलं उरली होती.
दोनच.
माझं वय एकोणपन्नास.

मत दोघींनाही नाही.
तिचं अजून वय नाही,
माझ्याकडे नुसतं हिरवं कार्ड.
पण नगर परिषदेत सोमवारी कुणीही बोलू शकतं, तीन मिनिटं,
नाव आधी द्यावं लागतं.
तिने दोन दिली. मला न विचारता.
तुझं नाव चुकीचं घेतील, म्हणाली,
दुरुस्त करायचं. तिसऱ्यांदासुद्धा.

रात्री ओट्यावर कुकर निवतोय,
शेजारी मोबाइलचं घड्याळ लावून मी उभी.
सु-ल-क्ष-णा, असं आधी सावकाश सांगायचं ठरलंय,
त्यातच चार सेकंद जातात.
मग उरलेलं.
तीन मिनिटं म्हणजे किती,
तेवढ्यात व्हर्लीनबाई
जवळजवळ सातदा रस्ता ओलांडतील.